मागची पायरी

बसायची जागा आधी ठरवू. आमच्याकडे ती मागच्या दाराची दुसरी पायरी आहे. चिऱ्याची, मधोमध थोडी खोलगट. चूळ भरायला, भांडी घासायला, हाक मारायला चार पिढ्या या दारातून गेल्या-आल्या, त्यात ती झिजली. तुम्हाला परसदार नसेल तर गॅलरीतलं मोडं चालेल, गच्चीवरच्या टाकीची सावली चालेल. सोसायटीच्या आवारात कुणी फारसं फिरकत नाही असा एखादा बाक असतोच, तोही चालेल. पाठ टेकता यावी आणि पाय जमिनीला लागावेत, एवढंच बघा. मोबाइल आत राहू दे, तांदळाच्या डब्यावर. दुर्बीण असली तरी आज नको. फोटोही नकोत, का नकोत, ते पुढे सांगतो.

सकाळ श्रावणातली, साडेसात-आठची. रात्रभर ओतून आता उघडीप पडली आहे. पन्हळीतून उरलंसुरलं पाणी थेंबाथेंबाने गळतंय. माडाच्या झावळ्या अजून निथळताहेत.

बसलात? आता काही शोधू नका. पहिली दहा मिनिटं परसात काहीच नसतं, असा माझा सहा वर्षांचा अनुभव आहे. आपण दार उघडतो, कडी वाजते, चपला वाजतात, आणि गाडी आली की रस्त्यात खेळणारी पोरं जशी कडेला होतात तसं सगळं परस कडेला होतं. मुंबईत तीस वर्षं नोकरी करून मी सिंधुदुर्गात गावी परतलो तेव्हा येईल त्याला सांगत सुटलो होतो, काय शांतता आहे इथे! पुष्कळ दिवसांनी उमगलं की ती शांतता मीच सोबत घेऊन फिरत होतो. मी उठून आत गेलो की मागे गलका सुरू व्हायचा.

तेव्हा ही आपली शांतता आधी ओसरू द्यायची. त्यासाठी करायचं काहीच नाही. श्वास येतो-जातो, तेवढा पुरे.

या दहा मिनिटांत आमच्याकडे बंड्या येतो. गावठी, तांबूस, उजवा कान मोडलेला. स्वतःभोवती दोन-तीन गिरक्या घेऊन जागा पक्की करतो, धपकन पडतो आणि पाठ माझ्या पोटरीला चिकटवतो. तुमच्याकडे कुत्रं असेल तर एक हात त्याच्या बरगड्यांवर ठेवा. थोपटू नका, थोपटलं की ते उत्तर द्यायला लागतं, शेपूट आपटतं, तोंड चाटायला येतं. नुसता हात. बरगड्या वर येतात, खाली जातात. मधेच एक लांब सुस्कारा, कशाबद्दल ते त्यालाच ठाऊक. पावसात भिजलेल्या कुत्र्याला वास येतो, तो येऊ द्या. आपल्याला किती वास येतो हे तो कधी बोलून दाखवत नाही. गंध टिपणाऱ्या पेशी आपल्या नाकात 50-60 लाख असतील, तर त्याच्या नाकात 20 कोटींच्या घरात. काल कुठे जाऊन आलात, काय खाल्लंत, कुणाच्या मांजराला हात लावलात, हे सगळं त्याने मघाशीच वाचलेलं आहे. डोळे मिटलेले असले तरी नाकपुडी बघा. ती झोपलेली नाही.

मांजराचं वेगळं. आमची मनी पाण्याच्या पिंपावर बसते. तिच्याकडे टक लावून बघायचं नाही. मांजरांत ती भांडणाची सुरुवात समजतात. डोळे अर्धे मिटायचे, सावकाश उघडायचे. मर्जी असली तर तीही तसंच करते. नसली तर पाठ करून बसते. माणसाच्या घरात राहून इतकं कमी माणसाळलेलं जनावर मला दुसरं माहीत नाही, आणि माझा तिच्यावर जरा जास्त जीव आहे तो बहुधा याचमुळे. बंड्याला हे कळता कामा नये.

घरातलं जनावर आपली वाट बघतं. दाराशी येतं, नाव घेतलं की कान टवकारतं. ते सुख मोठंच आहे, त्याबद्दल सगळे बोलतात. आज आपण थोडे पलीकडे जाऊ, गडग्याच्या आत-बाहेर करणाऱ्या त्या मंडळींकडे, ज्यांना आपण असलो काय नि नसलो काय.

ऐका. फणसाखालून कुरबुर येते आहे. सातभाई आले.

सात असतीलच असं नाही; मी सहाही मोजलेत आणि अकराही. मळकट मातकट रंग, डोळा फिका, चेहरा कायम वैतागलेला. एक जण शेवग्यावर पहाऱ्याला बसतो आणि बाकीचे खाली पातेरा उलटायला लागतात. एकेक पान चोचीत धरून बाजूला भिरकावतात, रद्दीत हरवलेली पावती शोधावी तसे. सगळे एकदम बोलतात, कुणी कुणाचं ऐकत नाही, आणि तरीही त्यांच्यातलं कुणी एकटं मागे राहत नाही. पिल्लांना भरवायचं कामही टोळीच वाटून घेते.

आता पहारेकऱ्याकडे बघा. नुसत्या डोळ्यांनी, मान न हलवता. त्याने तुम्हाला कधीच हेरलंय. पहिल्या दिवशी तो कर्कश ओरडेल आणि सगळी टोळी गडग्यापलीकडे जाईल. दुसऱ्या दिवशीही. मी त्याच पायरीवर, त्याच मळक्या गंजीफ्रॉकात दीड महिना बसलो, तेव्हा एका सकाळी त्याने माझ्याकडे बघितलं, मान तिरकी केली आणि पंखाखाली चोच घालून पिसं साफ करायला लागला. ओरडला नाही. निवृत्त झालो तेव्हा शाल-श्रीफळ मिळालं होतं, भाषणंही झाली होती. त्यातलं काही आता आठवत नाही. हे आठवतं.

या दिवसांत टोळीत कधी कधी एखादं पिल्लू निराळंच दिसतं. सातभाईंच्या रूपाशी काही मेळ नसलेलं, सदा चोच वासून कुणाच्या तरी मागे. ते चातकाचं असतं, नाहीतर पावशाचं. दोघेही आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात ठेवून मोकळे होतात. चातकाचं अंडं तर रंगानेही सातभाईंच्या अंड्यासारखं निळं. चातक पावसाच्या वाऱ्याबरोबर आफ्रिकेकडून येतो, म्हणून आपल्या कवींनी त्याला शतकानुशतकं डोक्यावर घेतलं. त्याची पोरं वाढवणाऱ्या सातभाईंवर कुणी ओळभर लिहिलेलं निदान माझ्या वाचनात नाही. पण सकाळी आठ वाजता न्यायनिवाडा नको. भरवणारी चोच बघा, घेणारी चोच बघा, मधे एक नाकतोडा. झालं. टोळी पुढे सरकली.

गडग्यावर सरडा आला आहे, विणीच्या दिवसांत तोंड-गळा लालभडक करून जोर काढत बसलेला. लहानपणी आम्हाला सांगायचे की तो लांबूनच रक्त शोषतो, आणि त्या एका थापेपायी किती सरड्यांनी दगड खाल्ले असतील कोण जाणे. आंब्यावर ओंबील मुंग्यांनी पानांची घरं शिवली आहेत. शेवाळावरून गोगलगाय निघाली आहे, ती दुपारपर्यंत पिंपाशी पोचेल. या सगळ्यांपाशी आज थांबत नाही. आज कढीलिंबापाशी थांबू.

झाड पायरीच्या डाव्या हाताला आहे. उठायचं नाही, फक्त वाकायचं. तिसऱ्या डहाळीवर, पानाच्या वरच्या अंगाला, चिमणी शिटून गेल्यासारखा ठिपका दिसतो: ओलसर, तपकिरी, मधे पांढरा डाग. बघत राहा. ठिपका पुढे सरकतो. ती अळी आहे, कॉमन मॉर्मन म्हणतात त्या काळ्या फुलपाखराची. शिटेला कोण चोच मारणार, या हिशेबावर तिचं बाळपण निभावतं. चार वेळा कात टाकली की तीच अळी पानासारखी हिरवीगार होते. महाराष्ट्राने 2015 साली राज्य फुलपाखराचा मान दिला तो नीलवंत याच घराण्यातला. त्याच्याही अळ्या लिंबाच्या गोतातल्या झाडांवर अशाच वाढतात.

शेजारच्या पानावर एक मोठी, हिरवी अळी आहे. तिचं जेवण बघा. पानाची कड दोन्हीकडून पायांत धरलेली. डोकं वर, कडेला लागलं, आणि खाली खाली येत राहिलं, कणीस खाताना आपण दाण्यांची एक ओळ उतरवतो तसं. खाली पोचलं की पुन्हा वर. प्रत्येक खेपेला पान एका केसाएवढं आत जातं. कुरतडलेली कड इतकी गुळगुळीत की कात्रीला जमणार नाही. तुमचा श्वास तिच्या डोक्याबरोबर जाऊ दे. वर जाताना आत, खाली येताना बाहेर. घाई झाली तर समजा तुम्ही पुढे गेलात, तिच्यासाठी थांबा. एका लहान पानाला किती वेळ लागतो ते मी एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं. नऊ मिनिटं. त्या नऊ मिनिटांत मला काय काय आठवायला हवं होतं ते काहीच आठवलं नाही.

बोट लावू नका. लावलं तर डोक्यामागून एक लाल, दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. पोरांना त्याची मजा वाटते, मलाही वाटायची. आता तिला घाबरवून घेण्यापेक्षा तिचं जेवण बरं वाटतं. फोडणीला कढीलिंब हवा असला की आमच्याकडे अळ्यांचा डहाळा सोडून दुसरा तोडतात. ही शिस्त बायकोने लावली. श्रेय मी घेत असतो.

आता फोटोंचं. गावी आल्यावर दुसऱ्याच वर्षी पपनसावर शिंप्याने घरटं केलं. एकच मोठं पान, त्याच्या दोन्ही कडा जवळ आणून, चोचीने भोकं पाडून, कोळिष्टकाच्या नि कापसाच्या धाग्याने शिवलेल्या. टाके मोजता येत होते. आत सावरीच्या कापसावर तीन अंडी, करंगळीच्या नखाएवढी. मी नुकताच कॅमेरा घेतला होता. समोरची डहाळी आड येत होती म्हणून ती वाकवली आणि सुतळीने बाजूला बांधली. छान उजेड आला. दुसऱ्या दिवशी सकाळी पान तसंच लटकत होतं, रिकामं, आणि खाली कवचाचे दोन तुकडे. कौलांवर कावळा बसला होता. कावळ्याला मी काही बोललो नाही. घरटं त्याला मीच उघडून दाखवलं होतं.

तो फोटो फार सुंदर आला आहे. मी तो कुणाला दाखवत नाही.

त्यानंतर कुठेतरी मला किहीमची ती शिडी आठवायला लागली. 1930 सालची गोष्ट. जर्मनीत पक्षिशास्त्राचे धडे घेऊन सालिम अली परतले तेव्हा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातली त्यांची जागा उरली नव्हती, तिच्यासाठी पैसे नव्हते. बेकार होऊन ते अलिबागजवळ किहीमला राहायला आले. घरापासून जवळच सुगरणींची वसाहत होती. त्यांनी शिडी लावली, वर कापडाचा आडोसा केला आणि पावसाळाभर रोज त्यात बसून राहिले. अर्धवट विणलेलं घरटं टांगून नर फडफडत बोलावतात, माद्या येतात, आत शिरून धागे ओढून-ताणून बघतात, एखादी पसंत करते. मग नर ते पुरं करतो, आणि ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसऱ्या घरट्याची उभारणी सुरू करतो. हा सगळा संसार त्यांनी तिथून टिपला आणि 1931 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मांडला. विणकर नर, आणि मराठीने नाव ठेवलं सुगरण. बाईला जास्तीचं श्रेय देण्याची चूक भाषेकडून क्वचित होते, तेव्हा ती दुरुस्त करायच्या भानगडीत मी पडत नाही. मला त्या शोधापेक्षाही तो आडोसा आवडतो. नोकरी नसलेला एक माणूस कापडामागे बसला आहे आणि पक्ष्यांना त्याचं काही नाही.

उठा आता, गुडघे धरले असतील. सावकाश. पाणंदीने कुणग्यांपर्यंत जाऊ. बंड्या पुढे गेलाच आहे.

लावणी होऊन महिना झाला, भात गुडघाभर आलंय. मेरेवरून चालताना दोन्ही बाजूंना बेडकांच्या उड्या, टुपुक टुपुक, आपल्या एक पाऊल पुढे. शेजारच्या आबांची मोरी वरच्या गवतात बसली आहे. मोरी म्हणजे म्हैस. दहा-बारा पावलांवर एक कातळ आहे, तिथे बसा. त्याहून जवळ नको.

तिच्या गळ्याकडे बघा. कातडीखालून काहीतरी सरकत वर येतं, लिंबाएवढं, आणि जबड्यात पोचतं. जबडा चालू होतो. वर-खाली होता होता आडवा जातो, एका बाजूला सरकून गोल वळून परत येतो. मोजायला लागा. दहा. वीस. कानावर बसलेली माशी उडवली, मोजणं चुकलं, हरकत नाही. चाळीस. पन्नास. आणि थांबली. गिळलं. आता तीन-चार सेकंद काहीच नाही. जबडा स्तब्ध, डोळे अर्धे मिटलेले, ओठांना फेसाची बारीक कड. मग पुन्हा गळ्याखालून गोळा.

ती चावते आहे तोवर तुमच्या डोक्यात जे चाललंय ते चालू दे. पोराचं लग्न, बँकेचं काम, कोण काय बोललं. ती थांबली की तुम्हीही थांबा. तीन-चार सेकंदच तर आहेत. तिच्याबरोबर सुरू व्हा, तिच्याबरोबर थांबा. दिवसाचे सहा ते आठ तास ती हे करते, घाई नाही. गवत आधी भराभर ओरबाडून पोटाच्या पहिल्या कप्प्यात टाकलेलं असतं, तिथले सूक्ष्मजंतू ते आंबवतात, आणि बाकीचं काम असं सावलीत बसून. एखादा जुन्याच गोष्टी रवंथ करत बसलाय, असं आपण नाक मुरडून म्हणतो. म्हणणाऱ्याने मोरीसमोर अर्धा तास बसून यावं.

तिच्या तोंडापुढे गायबगळा उभा आहे. ती उठून चालली की गवतातले किडे उडतील, त्यांच्यावर त्याचं लक्ष. पाठीवर कोतवाल, तोही त्याच किड्यांसाठी. तिला दोघांचं काही नाही, दोघांना तिचं काही नाही. छान चाललंय तिघांचं.

पहिल्यांदा मी असा बसलो होतो तेव्हा आबा डोक्यावर इरलं घेऊन मागे येऊन उभे राहिले होते.

“तिच्यात एवढा काय बघतंस?”

“चावणं मोजतोय, आबा.”

त्यांनी जरा विचार केला. “मग? गावला काय?”

नाही म्हटलं. तेही बसले. आबांचं जोत विकून पाच वर्षं झाली, आता नांगरणीला भाड्याचा पॉवर टिलर येतो. देशावर पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तेलाने चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात, हे मी त्यांना सांगत होतो. आमच्या भागात तसा पोळा होत नाही. ते काही बोलले नाहीत. ऐकता ऐकता त्यांचा हात स्वतःच्याच खांद्यावर फिरत होता, बैलाच्या खांद्यावर जिथे जू बसतं तिथे.

आता परत. बंड्या येणार नाही, तो आबांच्या मांगराकडे गेला. तिथे भाकरी मिळते. आपण दोघंच. पुन्हा त्याच पायरीवर बसा. ऊन आलंय, चिरा कोमट झालाय. मनी पिंपावरून उठून आत गेली.

लहानपणी मे महिन्यात आम्ही इथे यायचो तेव्हा मुंगूस दिसलं की सगळी भावंडं एका सुरात ओरडायचो. रामाची शपथ घालून त्याला तोंड दाखवायला सांगायचं. मुंगसाचं तोंड दिसलं की दिवस चांगला जातो, असं आजी म्हणायची. त्या ओरड्याने ते जे पळायचं त्यात शेपटीशिवाय काही दिसायचं नाही, आणि आम्ही शेपटीवरच समाधान मानून घरात यायचो.

केळीच्या बुंध्याशी बघा. मान वळवू नका.

करड्या केसांचं, प्रत्येक केसावर काळा-पांढरा पट्टा, त्यामुळे अंगावर राख सांडल्यासारखं. नाक जमिनीला लावून सांडपाण्याच्या पाटाच्या कडेकडेने येतंय. थांबलं. एक पुढचा पाय वर, तसाच. तुमच्याकडे बघितलं की पिंपाकडे, सांगता येणार नाही. पाय खाली ठेवला. चार पावलांवरून, पायरीच्या आणि कढीलिंबाच्या मधून, सरळ गेलं पालापाचोळ्याच्या खड्ड्याकडे आणि पुढच्या पंजांनी माती उकरायला लागलं. कुजलेल्या पाल्याचा वास येतोय. माती मागे उडतेय, एक खडा माझ्या अंगठ्याला लागला. तोंड खड्ड्यात आहे. दिसतेय ती पाठ आणि पिंजारलेली शेपूट.

शपथ जिभेवर आली होती. घातली नाही. उकरू दे त्याला.